चुकलेला आकडा तसाच ठेवायचा

आदिलाबादेत कोणी विचारतं, "तुमी दवाखान्यात डॉक्टर का?" मी नाही म्हणते. मग नर्स? तेही नाही. समोरचा माणूस गोंधळतो, आणि पुढं काय विचारावं हे त्याला सुचत नाही. माझ्या भावजयीनं एकदा पाहुण्यांना सांगितलं, "ह्या मशीनचं माप पाहतात." मला ते फार आवडलं, कारण माझं काम खरंच तेवढंच आहे. कॅन्सरच्या पेशंटला किरणांचा डोस किती द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. मशीनमधून नेमका तेवढाच डोस निघतो का आणि तो ठरवलेल्या जागीच पडतो का, हे बघायचं ते मेडिकल फिजिसिस्टनं. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे.

आमचं घर इथं जुनं. आजोबा यवतमाळकडून आले आणि इथलेच झाले. बाबा तहसील कचेरीतून रिटायर झाले. मी शिकायला बाहेर गेले, मोठ्या शहरात बरीच वर्षं नोकरी केली, आणि आपल्या गावच्या दवाखान्यात किरणोपचाराचा विभाग सुरू होतोय असं कळल्यावर परत आले. काही वर्षांनी आमच्या विभागाला विद्यार्थी घ्यायची परवानगी मिळाली. फिजिक्सचं शिक्षण झाल्यावर या कामात एक वर्ष दवाखान्यात उमेदवारी करावी लागते, त्याशिवाय स्वतंत्रपणे काम करता येत नाही. आधी इकडच्या मुलांना त्यासाठी हैदराबाद नाहीतर नागपूर गाठावं लागायचं. परवानगीचं पत्र आलं त्या दिवशी मी विभागात सगळ्यांना पेढे वाटले. चांगलं शिकवता येतं अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती. ती तपासून बघायची वेळ तोवर आली नव्हती.

पहिला विद्यार्थी मुधोळचा. हुशार, मार्क चांगले, अक्षर मोत्यासारखं. मला ज्यांनी शिकवलं ते सर विद्यार्थ्याला मशीनच्या बटणाला बोट लावू देत नसत. मागं उभं राहायचं आणि बघायचं. मी माझ्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यापासून स्वतःच्या हातानं मोजमाप करू दिलं, आणि त्याचा मला अभिमान वाटायचा.

हे मोजमाप आम्ही ठरावीक दिवसांनी करतो. पाण्यानं भरलेली एक मोठी पारदर्शक टाकी मशीनखाली ठेवायची. पेरभर लांबीची, आत हवेची पोकळी असलेली एक नळी त्या पाण्यात ठरावीक खोलीवर बसवायची. मशीन चालू केलं की किरण त्या हवेतून जातात, थोडा विद्युतभार तयार होतो, आणि त्यावरून डोस काढता येतो. यात एक मेख आहे. नळीतली हवा थंड आहे की गरम, यावर आकडा कमीजास्त होतो. म्हणून तापमान मोजून आकडा दुरुस्त करावा लागतो.

आदिलाबादची थंडी ठाऊक असलेल्यांना सांगायला नको. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला येतं तेव्हा बोटं आखडतात. मोजमापाची टाकी आम्ही त्याच पाण्यानं भरतो. मशीनच्या खोलीत मात्र हवा ऊबदार ठेवलेली. माझ्या विद्यार्थ्यानं तापमान वाचलं ते खोलीच्या भिंतीवरच्या थर्मामीटरवर. नळी तर पाण्यात होती, आणि पाणी सात अंशांनी थंड होतं. आकडा दोन टक्क्यांहून जास्त चुकला. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण आमच्या कामात तेवढ्यावरून मशीन बंद ठेवून पुन्हा मोजतात.

ते माझ्या लक्षात आलं होतं. मी माझा थर्मामीटर आधीच पाण्यात सोडला होता. दुपारी टेबलाशी बसले, त्याचा आकडा बाजूला ठेवला, बरोबर तापमान घालून नवा काढला आणि विभागाच्या रजिस्टरात तो लिहिला. त्याला काही बोलले नाही. नवा आहे, हिरमुसेल, असं मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर समजावून सांगायला अर्धा तास लागला असता, आणि स्वतः दुरुस्त करायला दोन मिनिटं पुरली. बाहेर पेशंट ताटकळत होते. पुढच्या वेळीही तसंच केलं. नंतर नळीची पाण्यातली खोली चुकली, ती मी हिशेबात सरळ केली. कधी मशीन तापायच्या आत त्यानं पहिलं रीडिंग घेतलं, ते मी गाळलं. पेशंटचं काहीही बिघडू दिलं नाही. वर्ष संपलं. मी त्याला उत्तम शिफारसपत्र दिलं आणि त्यानं वाकून नमस्कार केला.

महिन्याभरानं तो परत आला. जुलै होता. काखेत त्याची वर्षभराची वही होती. एका दवाखान्यात मुलाखतीला जाऊन आला होता.

"मॅडम, त्यायनं मले इचारलं, थर्मामीटर कुठं ठेवता? मी म्हनलं, भिंतीवर असते."

मी समोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"ते हासले नाईत. हासले असते त बरं झालं असतं. एकानं फक्त पेन खाली ठेवला."

त्यानं माझं रजिस्टर मागितलं. मी दिलं. त्यानं आपली वही शेजारी उघडली आणि एकेक तारीख लावत गेला. त्याचा आकडा एक, रजिस्टरातला दुसरा. चार-पाच पानं झाल्यावर त्यानं मान वर केली.

"तुमी माहे आकडे बदलत होत्या, मॅडम?"

"पेशंटसाठी बदलावे लागत होते."

"ते कळते मले. पन मले काऊन नाई सांगितलं? मंग मी वर्षभर काय केलं इथं?"

आवाज चढलेला नव्हता. मी त्याला चहा मागवला. तो त्यानं घेतला नाही. गेला तेव्हा नमस्कारही केला नाही, आणि मला तो अपेक्षितही नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत मशीननं मला कधी खाली पाहायला लावलं नव्हतं. त्या दिवशी लावलं ते माझ्याच विद्यार्थ्यानं.

त्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. बाबा ऐंशीच्या पुढचे, पण कचेरीची भाषा अजून तोंडात तशीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तू त्याची नोंद खोडली?"

"खोडली नाही बाबा. माझी वेगळी लिहिली."

"तेच झालं ना. आमच्या दफ्तरात खाडाखोड म्हंजे गुन्हा. पहाणीच्या उताऱ्यात नोंद चुकली तर काय करायचं? एक आडवी रेघ. वर बरोबर नोंद. बाजूला दस्तखत. पण खालचं वाचता आलं पाहिजे. काऊन? का उद्या कोणी विचारलं त सांगता आलं पाहिजे, आधी काय होतं अन काऊन बदललं."

बाबांनी जन्मभर जमिनीच्या नोंदी सांभाळल्या. माझं काम त्यांना कधी पुरतं समजलं नाही. पण मला हवं होतं ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं.

ऑगस्टात दुसरी विद्यार्थिनी आली, बाजारहत्नूरकडच्या एका खेड्यातली. घरी कापूस आणि ज्वारी. घरात फिजिक्स शिकलेली ती पहिलीच. बोलायची इतकं हळू, की मशीनचा पंखा चालू असला तर मला दोनदा विचारावं लागायचं. ती येण्याआधीच मी एक जाड वही आणून ठेवली होती. पहिल्याच दिवशी तिला नियम सांगितला. पेशंटचं रजिस्टर वेगळं. त्यात तपासून बरोबर ठरलेलंच जाईल. या वहीत तू मोजलेलं सगळं लिहायचं. चुकलं तर आकडा तसाच ठेवायचा, त्यावरून एक लाल रेघ मारायची, आणि काय चुकलं ते शेजारी स्वतःच्या हातानं लिहून सही करायची. मी तुझ्या आकड्याला हात लावणार नाही. चूक तुला सापडेपर्यंत थांबेन. तोवर मशीनवर पेशंट जाणार नाही, म्हणून मोजमाप पेशंट यायच्या दोन तास आधी सुरू करू.

तिनं मान हलवली, पण तिला भीती वाटली हे मला दिसलं. कोऱ्या वहीत पहिली चूक आपली लिहायची, हे कोणाला आवडेल? म्हणून पहिलं पान मीच लिहिलं.

मी आदिलाबादेत आले तेव्हाची गोष्ट. मशीन नवं, हवेचा दाब मोजायचं आमचं यंत्र अजून यायचं होतं. तापमानासारखाच दाबही हिशेबात धरावा लागतो. मी हवामानाच्या बातमीतला दाब उचलला आणि घातला. तो आकडा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, आणि आदिलाबाद समुद्रसपाटीपासून बऱ्यापैकी उंच. आकडा तीन टक्के चुकला. पहिला पेशंट यायच्या आधी, दुसऱ्या मोजमापात ते माझ्या लक्षात आलं आणि मी ते सावरलं. आजवर हे कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. ते सगळं मी वहीत लिहिलं, मूळ आकड्यावर लाल रेघ मारली आणि सही केली.

तिनं दोनदा वाचलं.

"मॅडम, तुमची पन?"

"माझीच. आणि तेव्हा मी काही नवशिकी नव्हते."

ती पहिल्यांदा हसली. दुसऱ्या दिवसापासून तिचे प्रश्न सुरू झाले, ते वर्षभर थांबले नाहीत.

हे सोपं गेलं असं कोणी समजू नये. काही सकाळी तिला चूक सापडायची नाही, मला दिसत असायची, आणि मी ओठ घट्ट मिटून खुर्चीत बसून राहायची. एकदा पाऊण तास गेला. बाहेर पेशंटची गर्दी वाढली, डॉक्टर दारातून डोकावून गेले. मला उठून मागची एक तार नीट खोचायची इतकी घाई झाली होती, की मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. अखेर तिनं मागं जाऊन जोडणी तपासली, सैल तार बघितली आणि म्हणाली, "हे पाहा ना, हेच होतं." कोणी बक्षीस दिल्यासारखी ती ते लिहायला बसली.

दवाखान्याच्या अधीक्षकांना ती वही आवडली नव्हती. बाहेरून तपासणी येणार होती. "मॅडम, इतक्या लाल रेघा पाहून ते काय म्हणतील? कपाटात ठेवा." मी ठेवली नाही. तपासणीला आलेल्या गृहस्थांनी वही चाळली, मधली दोन पानं वाचली, एक प्रश्न विचारला आणि पुढच्या खोलीत गेले. ते काहीतरी बोलतील अशी माझी फार इच्छा होती. काही बोलले नाहीत. वही टेबलावरच राहिली.

डिसेंबरात एका दुपारी तिची आई आली. डोळे तपासायला गावाहून आली होती, आणि आता लेक काय करते ते बघायचं होतं. पेशंट संपले होते, मशीन बंद होतं, म्हणून मी दोघींना खोलीत जाऊ दिलं. मी शेजारच्या खोलीत कागद लावत होते. दार उघडं होतं.

"हे पाण्याचं टाकं कायले?" आईनं विचारलं.

"मानसाच्या आंगात पानीच जास्त असते न माय. मानसाच्या जागी हे ठेवतो आमी."

"अन पान्यात बोट बुडवून काय पाहून राह्यली?"

"थंड किती हाय ते. पानी थंड असलं त नळीतली हवा गच्च बसते. आपन ज्वारीचं पोतं भरतो पाह्य. सैल भरलं त दाणे कमी मावतात. दाबून दाबून भरलं त त्याच पोत्यात जास्त मावतात. पोतं तेवढंच, दाणे जास्त. तसं थंडीत नळीत हवा जास्त मावते, अन आकडा जास्त येते. आपल्याले वाटते मशीन जास्त देऊन राह्यली. मंग आपन तिले कमी करतो, अन पेशंटले कमीच भेटते."

आई म्हणाली, "म्हंजे पोतं कसं भरलं ते आधी पाहाव लागते."

"व्हय."

हीच गोष्ट मी आजवर फळ्यावर सूत्र लिहून शिकवत आले होते. तिच्या आईला ती एका पोत्यात कळली. निघताना आई माझ्याजवळ आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बाई, लेकरू माह्यं बोलाले लागलं इथं येऊन." त्यानंतर मी तापमान शिकवते ते ज्वारीच्या पोत्यानं, आणि हे उदाहरण कोणाचं ते दर वेळी सांगते.

फेब्रुवारीत मुधोळच्या त्या मुलाचा फोन आला. अडखळत बोलला. "मॅडम, दोन महिने पुन्हा येऊ देता का? नोकरी लागूनही जाईल. पन मले माह्यावरच भरवसा नाई."

मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र धास्ती वाटली, की याच्यासमोर मी कशी उभी राहणार.

तो आला त्या सकाळी मोजमाप होतं. मी मुद्दाम मागच्या खुर्चीत बसले आणि तिला म्हटलं, "आज तू शिकव." तो तिच्यापेक्षा एक वर्षानं मोठा, दोघं अवघडले. मग ती हळूच म्हणाली, "दादा, थर्मामीटर आधी पान्यात सोडा. धा-पंधरा मिनिटं ऱ्हाऊ द्या. भिंतीवरचा पाहू नका." त्याचा चेहरा लाल झाला. तिला मागची गोष्ट माहीत नव्हती. तो वाकला आणि त्यानं थर्मामीटर पाण्यात सोडला.

दुपारी त्याला मी माझ्या टेबलाशी बोलावलं. तीही तिथंच होती. मी तिला जायला सांगितलं नाही. "तुझे आकडे मी तुला न सांगता बदलले. चुकलं माझं," मी म्हटलं. "पेशंटला वाचवलं, पण तुझं वर्ष मी वाया घालवलं." मग पिशवीतून त्यानं ती जुनी वही काढली.

"मंग एकेक सांगा," तो म्हणाला. "काऊन बदलला ते."

पुढचे पंधरा दिवस, पेशंट संपल्यावर, आम्ही तेच केलं. त्याचं एकेक पान उघडायचं, माझं रजिस्टर शेजारी ठेवायचं. तो आधी स्वतः कारण शोधायचा, मग मी बोलायची. बरोबर कारण सापडलं की तो आपल्या जुन्या आकड्यावर लाल रेघ मारायचा आणि शेजारी सही करायचा. तीन ठिकाणी त्याचाच आकडा बरोबर निघाला. घाईत मीच चुकीचं बदललं होतं, फरक अगदी किरकोळ. त्या तीन ठिकाणी लाल रेघ माझ्या रजिस्टरात पडली. पहिली मारताना मी पेन त्याच्याकडे दिला. त्यानं घेतला नाही. "तुमीच मारा मॅडम, नियम हाय," तो म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो.

दोन महिन्यांनी तो मुलाखतीला गेला आणि त्याची निवड झाली. आज तो एका मोठ्या दवाखान्यात आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई एका बैठकीत मला भेटल्या आणि म्हणाल्या, तुमच्या मुलानं सही केली की आम्ही पुन्हा तपासत नाही. मी म्हटलं, तरी तपासा. पण घरी येताना बसमध्ये मी ते वाक्य किती वेळा मनात म्हटलं, ते मलाच ठाऊक.

मे महिन्यात एका सकाळी मी विभागात गेले तर वहीत नवी नोंद होती. तिनं मला न विचारता लिहिली होती. मोजमाप लांबलं, मशीनच्या खोलीत हवा कोरडी होती, टाकीतलं पाणी उडून पातळी थोडी खाली गेली, आणि नळीवरचं पाणी कमी झालं. फरक इतका बारीक होता की माझ्या नजरेला तो आला नसता. तिनं शेवटी पातळी पुन्हा पाहिली म्हणून तिला सापडला. लाल रेघ, कारण, सही. मी ते वाचलं आणि खुर्चीत बसले. शिकवण्याबद्दल माझं कौतुक अधूनमधून झालं आहे, शालही मिळाली आहे. त्या पानासारखा आनंद त्यातल्या कशानं दिला नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "दस्तखत केलं ना तिनं?" केलं म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

ती आता दुसऱ्या जिल्ह्यात काम करते आणि तिच्या हाताखाली स्वतःची विद्यार्थिनी आहे. गेल्या दिवाळीनंतर तिचा फोन आला. "मॅडम, रागवू नका, पन तुमची पद्धत मी बदलली."

"काय बदललं?"

"मोजायच्या आधी पोरीकडून लिहून घेतो, आकडा किती येईन. मंग मोजाले लावतो. अंदाज अन आकडा लांब लांब आले का तिचं तिलेच समजते, काही त चुकलं. मले गप्प बसाव लागत नाई. तुमाले लई तरास होत होता गप्प बसाचा. मले दिसे."

मी मोठ्यानं हसले. तिला दिसत होतं तर!

सध्या माझ्याकडे गुडीहत्नूरची एक मुलगी आहे. तिच्याकडून मी आता आधी अंदाज लिहून घेते, आणि माझाही शेजारी लिहिते. पहिल्या महिन्यात तिचे अंदाज कुठल्या कुठं जायचे. गेल्या आठवड्यात आमच्या दोघींत तिचा अंदाज जास्त जवळ आला. तिला विश्वास बसेना; तिनं पुन्हा मोजलं, तोच आकडा आला. मला इतकं बरं वाटलं की मी तिथूनच बाजारहत्नूरच्या माझ्या त्या विद्यार्थिनीला फोन लावला, जिची पद्धत तिला कळवावी म्हणून.

तिनं उचलला, पण आवाज घाईचा होता. "मॅडम, मागून करतो. शिकवून राह्यली."

"कर, कर," मी म्हटलं आणि लगेच फोन ठेवला.